सिद्धप्पांच्या चहाआधी बुद्धप्रियाबाईंनी केलेली फत्ते

सोलापूर मुक्कामी जैसे घडले तैसे, पदरचे मीठ न लावता, लिहिले जाते. जुळे सोलापुरातील बुद्धप्रियाबाई चादरीच्या कारखान्यात नक्षीचा प्रोग्राम करीत, मोठ्या हिकमती. कारखान्याचे खावंद सिद्धप्पा यांचे फर्मान सुटले की, आपला चहा संपण्याआधी नक्षी संगणकाच्या पडद्यावर न उमटली तर प्रोग्राम आणि बाई दोन्ही बरखास्त. मग पुण्याची नोकरी पत्करणे भाग, आणि पुण्यास आईच्या हातची भाकरी मिळणे नाही.

गनीम कोण? तर प्रोग्रामाची खोड. चादरीत धागे हजारो, आणि हा प्रत्येक धाग्यास थांबून पुसे की पन्हा किती, रंग किती, किनार कैसी. उत्तर दर खेपेस तेच, तरी पुसणे सुटेना. ऐसा विसराळू सरदार आम्ही देखिला नाही. मग बाईंनी मसलत करोन चादरीची उत्तरे प्रोग्रामात कायमची गोठविली आणि सवाल छाटून टाकिले, आणि पहिल्या स्वारीत चहा येण्याआधीच नक्षी उभी राहिली. खावंद खूश होवोन म्हणाले, "आता टॉवेल दाखवा की." मग टॉवेल उमटला तो डबल बेडाच्या पन्ह्याचा! खावंदांनी चहा संपविला आणि एक दिवसाची मोहलत दिली. बाईंस रडूच यावयाचे राहिले.

तेव्हा मागावरील जुन्या कमलम्मा, ज्या सकाळी एकदा ऑर्डर ऐकून दिवसभर कोणास काही पुसत नसत, त्या म्हणाल्या, "सकाळी समदं इचारून घ्यायचं, मग हात लावायचा. पर रोजची सकाळ येगळी की गं."

बाई ताडकन उठल्या. आणि ऐसी तजवीज केली की, ऑर्डर येताच प्रोग्रामाने एकदाच सर्व पुसावे, मग तेच क्षणी त्या ऑर्डरीपुरता छोटा, मुका प्रोग्राम आपणच लिहून चालवावा, आणि काम सरताच मोडून टाकावा. बाईंची प्रोग्राम लिहावयाची भाषा 'फंक्शनल' म्हणतात त्या जातीची, तिचा रिवाज ऐसा की दिले उत्तर मध्येच कोणी फिरवू शकत नाही, म्हणोन दगाफटक्याचे भय नाही.

दुसरे दिवशी खावंदांनी चादर, टॉवेल, नॅपकिन ऐसे तीन हल्ले केले, आणि तिन्ही वेळा चहा बशीत ओतण्याआधी नक्षी हजर. गडबडीत खावंदांची जीभ पोळली आणि हुकूम जाहला, "प्रोग्राम ठेवा, बाईंनाबी ठेवा. पर जरा हळू करा की हो, चहा तरी पिऊ द्या."

येणेप्रमाणे फत्ते जाहली, पुण्याची स्वारी तहकूब, आणि मातोश्री राजश्रीबाईंस फोनवर विजयाचा खलिता रवाना जाहला तो ऐसा: "आई, भाकरी टाक. उद्या पण टाक."