अधिकृत तापमान तेवीस

लातूरच्या त्या विद्यापीठ उपकेंद्राच्या इमारतीचं अधिकृत तापमान तेवीस अंश आहे. पावसाळ्यात तेवीस, उन्हाळ्यात तेवीस, वीज गेली तरी तेवीस. नोंदवहीतली वीज कधी जात नाही.

इमारतीतले सगळे एसी एकाच तापमापकाच्या हुकमतीत आहेत. तो अठ्ठाविसाच्या वर चढला की बाराही खोल्यांतले एसी आपोआप सुरू होतात. तापमापक खरं तर परीक्षागृहात लागायचा होता; पण उद्घाटनाच्या दिवशी तिथे पाहुण्यांना फार उकडायला लागलं, म्हणून फीत संचालकांच्या दालनात कापली आणि तापमापकही तिथेच बसवला. संचालकांचा एसी स्वतंत्र आहे. तो कुणाच्या हुकमतीत नाही.

त्यामुळे एप्रिलात, बाहेर त्रेचाळीस अंश असताना, देवणीची राजकन्या नावाची विद्यार्थिनी भूगोलाच्या पेपरात 'उष्ण वाऱ्यांची कारणे' लिहिता लिहिता बाकावरून खाली गेली, तेव्हा तिच्या डोक्यावरचा एसी नियमाप्रमाणे बंद होता. सुपरवायझरांनी तिच्या तोंडावर पाणी मारलं आणि उत्तरपत्रिका गोळा केली. एम.ए.चा शेवटचा पेपर, आणि तीन प्रश्न कोरे. फेरपरीक्षा मिळाली तर यंदाच डिग्री आणि जूनपासून उदगीरच्या कॉलेजात शिकवायचं ठरलेलं. नाही तर वर्ष गेलं.

परीक्षा विभागातले हणमंतराव भले गृहस्थ. त्यांनी तिला आधी पाणी दिलं, मग नियम वाचून दाखवला. उष्णतेने चक्कर आल्यास फेरपरीक्षा देता येते. मात्र इमारतीचं तापमान चाळिसाच्या वर असलं पाहिजे. त्यांनी नोंदवही उघडली. कपाळावरचा घामाचा थेंब नेमका त्या तारखेवर पडला, तो त्यांनी रुमालाने टिपला.

"त्या दिवशी तेवीस हाय, बाई."

"काका, तुमचा शर्ट पिळला तर तांब्याभर पाणी निघंल की."

"शर्टाची नोंद कुठं ठेवतेत?" हणमंतराव म्हणाले. "मी बी म्हणतो, लई उकडायलंय. पण माझं म्हणणं तोंडी हाय."

राजकन्येने अर्ज दिला, की तापमापक तासभर परीक्षागृहात नेऊन बघावा. अर्ज औष्णिक समाधान समितीपुढे गेला. समितीचे पाच प्राध्यापक संचालकांच्या दालनात बसत. तिथे इतकं गारठायचं, की प्रत्येक बैठकीची सुरुवात सदस्य एकमेकांच्या सत्काराने करत. नारळ कधीच बंद झाला होता. शाल चालू होती. शाली गुंडाळून झाल्यावर उकाड्यावर चर्चा झाली. तापमापक हलवल्यास तापमान बदलेल, अशी रास्त भीती सदस्यांनी व्यक्त केली.

ठराव क्र. ४ : तापमापक अर्जदाराकडे नेता येत नसल्याने अर्जदारास तापमापकाकडे आणावे. तेथे चक्कर येते किंवा कसे, हे समितीने समक्ष पाहावे.

ठरल्या दिवशी राजकन्या पहाटे उठून, देवणीहून एसटीत उभ्याने, उपाशीपोटी आली. तिला तापमापकाखाली खुर्ची दिली. पाच शाली तिच्याकडे बघत बसल्या. आधी तिने मनापासून चक्कर आणायचा प्रयत्न केला. डोळे मिटले, तो हॉल आठवला, ती गरम लोखंडी बाकं आठवली. पण दोन महिन्यांत पहिल्यांदाच अंगाला गार वारा लागत होता. पाचव्या मिनिटाला तिची मान कलली आणि तिला गाढ झोप लागली.

अध्यक्ष महामाया मॅडमनी तिला हलवून उठवलं. "आली का गं चक्कर?"

राजकन्या खोटं बोलणारी नव्हती. पण डोळ्यांपुढे उदगीरचं कॉलेज आलं. "हाव, आली," ती म्हणाली.

मॅडमनी समाधानाने लेखणी उचलली.

ठराव क्र. ५ : अर्जदारास तेवीस अंशांतही चक्कर येते. सबब चक्करेचा उष्णतेशी संबंध नाही. अर्ज निकाली.

"अन् आली नसती तर, मॅडम?"

"तर तक्रारच खोटी ठरली असती, बाळ," मॅडम मायेने म्हणाल्या. "बस, चहा घे. गरम हाय."

पुढच्या वर्षीचा फॉर्म भरायला राजकन्या बबलूच्या नेट कॅफेत गेली. सगळी माहिती भरून झाली आणि शेवटच्या पानावर एक चौकट आली.

☐ परीक्षागृहातील तापमान मला सुखद वाटले. (टिक केल्याशिवाय फॉर्म पुढे जाणार नाही.)

"परीक्षा अजून वर्षाने हाय," ती म्हणाली. "आत्ताच कसं वाटलं?"

"गेल्या साली बी टिक केल्ती की ताई तुम्ही," बबलू म्हणाला. "मीच दाबलं होतं. वाचतंय कोण?"

तिने बोट मागे घेतलं. तिच्या मागची रांग पार दाराबाहेर उन्हात गेली होती. कुणी फाईलने वारा घेत होतं, कुणी घड्याळ बघत होतं. या चौकटीबद्दल आपण सगळ्यांनी मिळूनच लिहून द्यावं का, असं तिने रांगेला विचारलं. रांग एक पाऊल पुढे सरकली.

मग बोललात तुम्ही, वाचकहो. रांगेत सहावे होतात ना?

"दाबा की ताई पटकन," तुम्ही म्हणालात. "इथं लई उकडायलंय."