आमच्या पाण्याचा उत्तम निकाल

पाणी चांगलं की वाईट, हे पोटाला कळत नाही, कागदाला कळतं. पोट आपलं उगाच दुखतं.

आमचं बैत अल-हजर हे यमनच्या डोंगरातलं त्र्याऐंशी उंबऱ्यांचं गाव. गावाला एकच उघडं टाकं. पावसाचं पाणी त्यात साठतं आणि वर्षभर पुरवावं लागतं. लाभार्थी पुढीलप्रमाणे: माणसं सहाशे, शेळ्या दोनशे, गाढवं एकोणीस, आणि बेडूक (मोजणीला सहकार्य न केल्याने संख्या उपलब्ध नाही). भेदभाव नाही, सगळे एकाच काठावर पितात. अशी समता शहरात शोधून सापडायची नाही, हे मी पाणी समितीचा चिटणीस या नात्याने अभिमानाने नमूद करतो.

गेल्या महिन्यात एका मदतसंस्थेने ठरवलं, ज्या गावाचं पाणी नापास होईल त्याला झाकणाचं टाकं आणि गाळणयंत्र मिळेल. नापास होण्याची आमची तयारी तर पिढ्यान्‌पिढ्यांची! शिवाय माझी चार वर्षांची नात हयात या पाण्याने महिन्यात तिसऱ्यांदा आडवी झाली होती. डोळे पार खोल गेलेले. मी तिला म्हटलं, "पोरी, आता आपलं काम झालंच समज."

तपासनीस उस्ताद धाफिर आले. त्यांच्या नियमांतलं कलम चार: नमुना घरातल्या पिण्याच्या भांड्यातूनच घ्यावा. घर निवडलं माझं. आता पाहुण्याला टाक्यातलं पाणी पाजायचं म्हणजे खानदानाचं नाक कापून घ्यायचं. म्हणून गावात विकतच्या पाण्याचा एक सीलबंद कॅन कायम ठेवलेला असतो. ज्याच्याकडे पाहुणा, त्याच्याकडे कॅन. माझी बायको तकिया हिने तो आधीच मातीच्या घड्यात ओतला होता. पाहुण्यासमोर कॅन ठेवणं म्हणजे त्याच्यावर उपकार दाखवणं. उस्ताद जेवले, घड्यातलं पाणी प्याले, अल्लाचे आभार मानले आणि त्याच घड्यातून आपली नमुन्याची बाटली भरू लागले.

तकिया आतल्या दारातूनच ओरडली, "उस्ताद, ते नका नेऊ! ते विकतचं आहे. आमचं पाणी लई घाण, अळ्या असतात त्यात!"

उस्ताद खूश. "अहो बाई, मघाशी रस्सा वाढताना म्हणालात, कुत्रंसुद्धा तोंड लावणार नाही. मी तर बोटं चाटून खाल्लाय!"

(आमच्याकडे यजमानाने आपल्या वस्तूला नावं ठेवायचीच असतात. न ठेवणारा उद्धट.)

"अल्लाशपथ सांगते, पोर आजारी पडलीय हो त्याने! टाक्यावर चला, दाखवते!"

"टाकं कलमात बसत नाही. आणि शपथा कशाला? तुमचं मन किती मोठं, ते मला कळलं."

शेवटी मीही जीव तोडून म्हणालो, "उस्ताद, आमचं पाणी जनावरांच्याही लायकीचं नाही." त्यांनी मला कडकडून मिठी मारली आणि वहीत लिहिलं: 'ग्रामस्थ अत्यंत विनयशील.'

निकाल: उत्तम. गावाला अभिनंदनाचं पत्र आलं, टाक्यावर ठोकायला हिरवी पाटी आली, आणि मदतीच्या यादीतून नाव गेलं. गाळणयंत्र शेजारच्या गावाला मिळालं. तिथला मुखिया पक्का चिकट, पाहुण्यासाठीही पाणी विकत घेणार नाही. त्याने टाक्यातलंच पाणी पुढे केलं आणि छाती फुगवून सांगितलं, "असं मधासारखं पाणी साऱ्या डोंगरात नाही!" त्याचंही कुणी खरं मानलं नाही, पाणी नापास झालं; म्हणून त्याचं भलं झालं.

पत्र आल्यावर चौथ्या दिवशी तकिया म्हणाली, "राहिलं ना नाक जागेवर? आता पाजा तेच नातीला!" (घडा तिनेच भरला होता, पण हे तिला सांगायला समितीत कुणी तयार नाही.)

आज सकाळी हयातला चौथ्यांदा गाढवावर घालून खाली दवाखान्यात नेलं. ती आता रडतही नाही. हे मी तुम्हाला अगदी जसं आहे तसं सांगतोय, आणि तुम्ही मनात म्हणताय, म्हातारा काय झकास रंगवून सांगतो! चालू द्या. उस्तादही असेच हसत हसत गेले.