रांजणवाडीचे पुनर्वसन

दमयंती शेट्ये यांच्या डाव्या पापणीवर आलेल्या रांजणवाडीची सोमवारी वाडी म्हणून सरकारी दप्तरात नोंद झाली. रविवारपर्यंत ती साधी पुळी होती. पण नावातच वाडी, आणि वर चार घरांची वस्ती, म्हटल्यावर आंबेखोलच्या ग्रामसेवकांना नोंद करणे भागच होते.

ग्रामसेवक पालांडे भिंग घेऊन आले तेव्हा दमयंतीबाई शिलाई मशीनवर बसल्या होत्या. शनिवारी शाळेचे स्नेहसंमेलन होते आणि मोरांचे अठरा पोशाख शिवायचे होते. डावा डोळा सुजून निम्मा मिटला होता.

"वहिनी, जरा उजेडाकडे तोंड करा," पालांडे म्हणाले. "घरं चार. माणसं एकोणीस. झाडं..." त्यांनी पापणीचे केस मोजले. "एकशे दहा. त्यातली सहा वठलेली."

"परवापासून गळतायत ती."

"पडलेलं झाड परस्पर फेकू नका. पंचनामा लागतो."

दमयंतीबाई आरोग्य केंद्रात गेल्या. डॉक्टर मुकादमबाईंनी पापणी उलटून पाहिली. "केसाच्या मुळाशी संसर्ग झालाय. दिवसातून चार वेळा कोमट शेक द्यायचा, काजळ बंद, आणि दाबायचं अजिबात नाही. आठवड्याभरात बसते." मग त्यांना नोंदीचा कागद दिसला आणि त्यांनी पेन खाली ठेवले. "पण आता शेक म्हणजे वस्तीत पूर. आधी माणसं हलवा, मग मी लिहून देते."

"आणि माझे मोर?"

"मोर माझ्या खात्यात येत नाहीत."

घरी येऊन दमयंतीबाई तणतणत आरशासमोर उभ्या राहिल्या आणि त्यांनी वाडीला हाक मारली. वाडीप्रमुख सोमा मांडवकर अंगणात आला. आवाज बारीक होता, पण बोलणे स्पष्ट.

"ताई, बरं झालं तुम्हीच विषय काढलात. इथे दर चार सेकंदांनी अंधार पडतो. पोरांचा अभ्यास होत नाही."

"अहो, पापणी लवावीच लागते मला!"

"लवा की. नको कोण म्हणतंय? फक्त वेळापत्रक द्या."

दमयंतीबाईंनी वेळापत्रक दिले आणि तेवढ्यात एका मोराची पिसे पोटावर शिवून बसल्या. ती उसवताना त्यांना रडू येत होते, पण रडायचीही सोय नव्हती. संध्याकाळी वाडीतून सुकटीच्या कालवणाचा वास आला, तेव्हा कुठे त्यांचा राग थोडा उतरला. उपाशी तर कोणी नाही, असे त्यांना वाटून गेले.

बुधवारी शिवणाच्या खोलीत ग्रामसभा भरली. दमयंतीबाई आरसा धरून बसल्या. पालांडे इतिवृत्त लिहीत होते. वाडी हलायला तयार होती, मात्र तशीच जागा हवी होती: रांगेत झाडे, खाली पाणी, वर भुवईचा आडोसा. शेजारच्या शेळीची पापणी सुचवण्यात आली. शेळी कुठेही तोंड घालते, म्हणून बायकांनी ती नामंजूर केली. डॉक्टरीणबाईंच्या पापणीवर राहायला कोणाची छाती झाली नाही.

मग पालांडे यांनी घसा खाकरला. "माझी उजवी पापणी मोकळी आहे."

सगळ्यांच्या नजरा त्यांच्या पापणीकडे वळल्या.

"त्याचं असं आहे," ते म्हणाले, "ग्रामसेवकाने मुख्यालयी राहावं असा नियम. मुलींच्या शाळेसाठी मी तालुक्याला राहतो. तीन नोटिसा आल्यात. मुख्यालय वाडीत हलवलं आणि वाडी माझ्या पापणीवर आली, की मी कुठेही असलो तरी मुख्यालयातच."

"दुखेल हो तुम्हाला," दमयंतीबाई म्हणाल्या.

"नोटिशीपेक्षा कमीच दुखेल."

ठराव एकमताने मंजूर झाला.

गुरुवारी सकाळी दोघे समोरासमोर स्टुलांवर बसले. दमयंतीबाईंनी मोरपंखी रंगाचा दोरा दुहेरी करून आपल्या पापणीपासून पालांडे यांच्या पापणीपर्यंत ताणून धरला. आधी कोंबड्या गेल्या. मग भांडीकुंडी, म्हातारी माणसे, पाठीवर दप्तरे घेतलेली पोरे. अकरा मिनिटे दमयंतीबाईंनी पापणी लवू दिली नाही. डोळ्यात पाणी दाटले, पण त्यांनी ते काठावरच थोपवून धरले. सोमा सगळ्यात शेवटी निघाला. दोऱ्यावर मध्यावर थांबून त्याने मागे वळून पाहिले.

"ताई, लवा आता."

त्यांनी डोळे मिटले, आणि बराच वेळ उघडले नाहीत.

त्या दिवशी चार वेळा शेक झाला. शुक्रवारी सूज उतरली. शनिवारी अठरा मोर नाचले. दोघांचे पिसारे जरा डावीकडे कलले होते, पण तीही नाचातली अदाच असावी असे मुख्याध्यापकांना वाटले.

पुढच्या मंगळवारी दमयंतीबाईंना बाजारात पालांडे दिसले. उजवा डोळा टम्म सुजलेला, चेहरा समाधानी. भर गर्दीत ते मान ताठ ठेवून, डोळा ताणून उभे होते.

"बरं आहे ना भाऊजी?"

"शू! मंगलाष्टकं चाललीयत. सोमाच्या पुतणीचं लग्न आहे."

दमयंतीबाई जवळ सरकल्या. बारीकशी सनई ऐकू येत होती. त्यांनी पिशवीतून चिमूटभर तांदूळ काढले, पालांडे यांच्या डोळ्याकडे पाहिले आणि परत पिशवीत टाकले. शेवटचे "सावधान" झाल्यावर त्यांनी दोन बोटांनी, अगदी हळू, टाळ्या वाजवल्या.