बऱ्या झालेल्या तपासनिसाची तपासणी

देह क्षणभंगुर आहे, असे संत सांगून गेले. देह क्षणभंगुर असला तरी नमुना सकाळचाच आणावा, असे प्रयोगशाळा सांगते. या दोन वचनांच्या मध्ये जो अडकतो त्याला रुग्ण म्हणतात; आणि बरा झाल्यावरही जो तिथून हलत नाही, त्याला जागरूक नागरिक.

असे एक जागरूक नागरिक आमच्या माहितीत आहेत. ते वजनमापे तपासणारे अधिकारी. तराजू खरा असेल तर शिक्का मारायचा, खोटा असेल तर जप्त करायचा, हे त्यांचे काम; आणि ते काम ते इतक्या सचोटीने करत, की त्यांना लांबून पाहूनच भाजीवाल्या गिऱ्हाइकाच्या पारड्यात एक बटाटा जास्तीचा टाकत. हे तपासनीस अचूकतेवरील एका प्रशिक्षणासाठी परगावी गेले आणि येताना प्रमाणपत्र व परमा अशा दोन गोष्टी घेऊन आले. प्रमाणपत्र भिंतीवर लावले.

परमा शरीरसंबंधातून लागतो, हे वैद्यकशास्त्राला मान्य असले तरी विवाहित पुरुषांना मान्य नाही. त्यांच्या मते तो शौचालयाच्या भांड्यावरून लागतो. आमच्या पाहणीनुसार विवाहित रुग्णांपैकी शंभर टक्के भांड्यावरचे निघाले (उरलेले टॉवेलवरचे). इतकी बदनामी सोसूनही मुकाट बसून राहणारा भांड्यासारखा दुसरा साधू त्रिभुवनात नसेल.

तपासनिसांनी घरी भांड्याचेच नाव सांगितले. त्यांच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरीणबाईंच्या नियमाप्रमाणे बायकोलाही औषध घ्यावे लागले. बायको लोकांचे कपडे शिवते. बोलताना तोंडात टाचणी असल्यासारखी मोजकेच बोलते. "भांडं होय? बरं," म्हणाली, गोळ्या घेतल्या आणि आपली गादी शिवणयंत्राच्या खोलीत नेली. "तुम्ही पूर्ण बरे व्हा. मग बोलू."

झाले! बरे होण्याइतकी भीतीची गोष्ट आता तपासनिसांना जगात उरली नाही.

रोग बिचारा सरळमार्गी. इंजेक्शन दिले, गेला. रिपोर्ट स्वच्छ आला. पण तपासनिसांच्या खात्यात एकदा तपासलेले म्हणजे न तपासलेलेच. त्यांनी स्वतःला निरीक्षणाखाली घेतले. कचेरीच्या स्वच्छतागृहात चहाआधी, चहानंतर आणि चहा नसेल तर त्याऐवजी, ते कडी लावून ‘ती’ जागा दाबून पाहत, काही येते का. काही येत नसे. मग जरा जोर लावत. खऱ्या साधकाला निराश व्हावे लागत नाही. लक्षणे मिळू लागली. किंचित जळजळ. किंचित जळजळ नसल्याची भावना (ही अधिक गंभीर). चालताना ओढ, बसताना शंका, उठताना तिचे निरसन. आणि साहेबांनी हाक मारली की सगळे एकदम.

प्रयोगशाळेतल्या बाई त्यांना पाहताच न विचारता बाटली पुढे करू लागल्या.

"या भाऊ. कसं आहे आज?"

"आहे तसंच."

"मग रिपोर्टपण आहे तसाच येईल."

आला. तपासनिसांना आता यंत्राचाच संशय आला. त्यांनी शेजारच्या वजनकाट्यावरचा शिक्का तरी दाखवा म्हणून आग्रह धरला. (शिक्का होता. त्यांच्याच खात्याचा होता. त्यामुळे संशय वाढला.)

शेवटी ते डॉक्टरीणबाईंसमोर जाऊन बसले.

"जळजळ जात नाही, बाई. आत काहीतरी राहिलंय."

"हात लावता का तिथे?"

"फक्त तपासण्यापुरता."

"किती वेळा?"

तपासनिसांनी खिडकीबाहेर पाहिले. बाहेर भिंत होती.

"एखादा दुकानदार दिवसभर पारडं दाबत बसला आणि काटा का हलतो म्हणून तुमच्याकडे आला, तर काय कराल?"

"तराजू जप्त करीन," तपासनीस सवयीने म्हणाले, आणि त्यांनी घाईघाईने पाय जवळ घेतले.

"दाबणं बंद करा. रोग गेलाय. मागाहून थोडं हुळहुळतं, ते ओसरतं. नाहीच ओसरलं तर या, मी पुन्हा बघेन. पण तुम्ही बघू नका."

"तसं लिहून द्याल?"

"कशाला?"

"घरी दाखवायला."

"घरी लघवीची तक्रार आहे का?"



अशा रीतीने सर्व बाजूंनी आरोग्याने घेरलेला तो मनुष्य घरी आला आणि शिवणयंत्राच्या खोलीच्या दारात उभा राहिला. बायको एका परकराची पट्टी मारत होती.

"बरा झालोय म्हणतात."

"बरं झालं." यंत्र चालूच.

"ते... भांडं नव्हतं."

यंत्र थांबले.

"ते मला पहिली गोळी गिळतानाच कळलं होतं," ती म्हणाली. "मी तुमची वाट बघत होते. बाटल्या भरभरून दिल्यात, प्रयोगशाळेत खेपा घातल्यात. मी पण तीच औषधं घेतली ना? मला एकदा तरी विचारलंत, तुला कसं आहे?"

सर्व मापे उत्तम पाठ असलेला तो अधिकारी उंबरा ओलांडून आत आला. मग म्हणाला, "चुकलो मी. तुला... कसं आहे?"

तिने स्टुलावरचे कापड उचलले. "बसा. सांगते. मधे बोलायचं नाही."

तो बसला. ती जे बोलली ते आम्ही लिहिणार नाही. ते ऐकायला एकाच माणसाची गरज होती आणि तो हजर होता. गादी अजून त्याच खोलीत आहे. जळजळ हळूहळू गेली. कधी गेली ते त्याच्या लक्षात आले नाही, यावरून ती खरोखर गेली असावी.

आता हे तपासनीस नेमके कोण, असे काही वाचक विचारतील. विचारणे साहजिक आहे. मात्र रोगाचे नाव येताच ज्यांनी हे पान जरा तिरके धरले, मागे कोणी उभे नाही ना ते पाहिले, आणि ‘आपला काय संबंध’ म्हणत शेवटपर्यंत वाचले, त्यांनी नाव विचारू नये. आम्हीही त्यांचे कोणाला सांगणार नाही.