हकीकत रुईच्या तिसऱ्या पानाची

श्रीगजाननास वंदन, आणि त्याचे पत्रीस दुप्पट वंदन.

नागपूर मुलुखी, सक्करदरा तलावाचे पूर्वेस सुयोग कॉलनी म्हणोन वसती आहे. तेथील प्लॉट क्रमांक सोळाचे अंगणात रानफुलांची जी मोहीम जाहली, तीत कोण झुंजले, कोण हटले आणि कोणी कोणास चकविले हे पुढील पिढीस ठाऊक असावे, नाही तर लोक वाटेल ते सांगतात. सबब जे घडले तेच लिहिले आहे, आणि जेथे काही घडले नाही तेथे थोडकेच वाढविले आहे.

खासे दत्तोपंत सरकारी कचेरीत आवक-जावक विभागी चौतीस वर्षे इमानेइतबारे चाकरी करून निवृत्त जाहले. आलेला कागद आवकेत आणि गेलेला जावकेत, यापलीकडे त्यांनी जगाकडे काही मागितले नाही. मग एके रविवारी वर्तमानपत्राचे पुरवणीत मजकूर वाचिला जे, अंगणी रानफुले लाविली असता फुलपाखरे आपण होऊन मुक्कामास येतात. पंतांनी तो तीन वेळा वाचिला, चष्मा पुसोन चौथ्यांदा वाचिला, आणि मग कुटुंब यमुताईसाहेब यांचे गुलाब उपटून मोहिमेचा नारळ फोडिला. उमरेडच्या एस्टीने कूच केले, मध्येच उतरोन रस्त्याकडेचा तरोटा, कुर्डू, आघाडा, खुळखुळा येणेप्रमाणे बियाणे पिशवीत दस्त केले, आणि रुईचे एक रोप मांडीवर घेऊन परतले. रोपाचे अर्धे तिकीट लागते की कसे, याची मसलत कंडक्टराशी दिघोरीपर्यंत चालली.

पाऊस पडला, रान माजले. निमंत्रण फुलपाखरांस होते, परंतु पहिल्या आल्या त्या शेळ्या. त्यांचा मोड केला तोच अळ्यांची फौज उतरली. ती रानफुलांस शिवलीसुद्धा नाही, थेट ताईसाहेबांच्या गोडलिंबावर चालोन गेली आणि दोन दिवसांत झाडाच्या काड्या करून ठेविल्या. फोडणीस पान उरले नाही. ताईसाहेबांनी त्या अळ्या सुपात झाडून तलावापार हद्दपार केल्या, आणि मग स्वयंपाकघरात तह जाहला तो ऐसा: गणपती बसण्यापूर्वी या अंगणात एक तरी फुलपाखरू जन्मास यावे, न आल्यास रान सपाट करून वर सिमेंटचे गट्टू बसवावेत. पंतांनी मान डोलाविली. ताईसाहेबांचा पंतांवर इतबार होता पण फुलपाखरांवर नव्हता, म्हणोन गट्टू आगाऊ मागवून फाटकाशी रचिले. जाता-येता पंतांस त्यांचे दर्शन घडावे, हा त्यातील मुत्सद्दीपणा.

मग श्रावणाचे मध्यास रुईवर एक अळी आली. अंगावर काळे, पिवळे, पांढरे पट्टे, चाल संथ, खाणे राजेशाही. पंत प्लास्टिकची खुर्ची टाकोन स्वतः पहाऱ्यास बैसले. पोळ्याचे आठवडाभर आधी अळी वरून तिसऱ्या पानाखाली उलटी लटकली आणि पिस्त्यासारखी हिरवी होऊन कोषात बंद जाहली. पंतांनी वहीत नोंद केली: आवक एक. जावक बाकी.

इकडे भिंतीपलीकडच्या शेजारीण आणि कॉलनीच्या अध्यक्ष प्रेमलताबाई, मातब्बर बाई, ज्यांच्या नुसत्या पाहण्याने कचरागाडी थांबते, त्यांचे मत ऐसे जे, पंतांचे रान म्हणजे मच्छरांचे माहेरघर. पोळ्याचे दुसरे दिवशी मारबत नामे भली थोरली बाहुली मिरवत निघते आणि सारे नागपूर आपली इडापीडा तिच्या गळ्यात बांधून वेशीबाहेर धाडते, हा रिवाज. बाईंनी त्या दिवशी चौकात उभे राहोन ललकारी दिली: "रोगराई, खोकला, मच्छर घेऊन जा गे मारबत. दत्तोपंतांचं जंगल घेऊन जा गे मारबत." रयतेने झील धरिली. तीत यमुताईसाहेबांचा आवाज होता की नव्हता, याविषयी दोन मते आहेत.

मारबत इतवारीतून परस्पर गेली, सक्करदऱ्याचे रान तसेच राहिले. म्हणोन बाईंनी द्वितीयेस हुकूम काढोन गवत कापण्याचे मशीन देऊन चंद्रभान यास रवाना केले. हा गडी कुहीकडचा, घरी धानाची शेती, अधूनमधून कॉलनीची लॉने कापावयास येणारा. त्याने रान पाहिले आणि मशीन खांद्यावरच ठेवोन विचारिले, "काहून जी काका, हे काय लावून राहिले? आमच्या वावरात हे निंदाले बाया लावा लागते, अन् तुम्ही पाइप धरून पाणी देऊन राहिले?"

पंतांनी पुरवणीतील मजकूर तोंडपाठ ऐकविला. चंद्रभानाने तो अदबीने ऐकिला आणि मशीनची दोरी ओढिली. फडफडाट जाहला, तरोट्याची पहिली फळी पडली, रुई चार हातांवर राहिली. मग पंत घरात धावले, खोक्याचा पुठ्ठा फाडिला, त्यावर कोळशाने लिहिले: "पवित्र पत्रीवन. पादत्राणे बाहेर काढावी." आणि तो पुठ्ठा मशीनपुढे ढालीसारखा धरिला. चंद्रभानाने अक्षर लावून वाचिले, मशीन बंद केले आणि चपला काढिल्या.

"देवाच्या पत्रीवर मशीन चालवलं तं मायले काय तोंड दाखवू?" म्हणाला. "बाईले सांगतो. तुमचं तुम्ही पाहा."

येथवर फत्ते होती. परंतु दुसरे दिवशी हरतालिका, आणि पत्री मागावयास आलेल्या सवाशिणीस नाही म्हणता येत नाही, हे कलम पंतांनी पुठ्ठा लिहिताना ध्यानी घेतले नव्हते. चंद्रभानाने बाईंस सांगितले, बाईंनी ग्रुपवर टाकिले, आणि दिवेलागणीपूर्वी अठरा बायका टोपल्या, पिशव्या आणि एक कुकरचे भांडे घेऊन रानात उतरल्या, पुठ्ठ्याबरहुकूम अनवाणी. पंत रुईपुढे हात पसरोन उभे ठाकले. मग खुद्द प्रेमलताबाई आल्या आणि मवाळ स्वरे बोलिल्या, "पंत, मला आघाडा ओळखूच येत नाही हो. तुमच्याएवढं कोणाला कळते यातलं?"

चौतीस वर्षांत पंतांस असे कोणी म्हटले नव्हते. पंत विरघळले. सात पावले कुंपणापर्यंत गेले, आघाडा दाखविला, वर कोणी न पुसता कुर्डूही समजाविला, आणि परत आले तो रुईस तिसरे पान नव्हते.

ते सांजेस पंत जेवले नाहीत. पूजा सकाळी प्रेमलताबाईंच्या हॉलात. तेथे पुरुषांस मज्जाव. आत जाणार एक यमुताईसाहेब, आणि तहातील समोरचा पक्षही त्याच. तरी पंतांनी सकाळी नळापाशी सारी हकीकत त्यांचे कानी घातली. ताईसाहेबांनी नळ बंद केला. पूजेचे ताट घेऊन निघोन गेल्या.

पंतांनी फाटकाशी रचलेल्यांतले दोन गट्टू उचलोन बाईंच्या खिडकीखाली ठेविले आणि त्यांवर चढोन आत नजर टाकिली. गट्टू उपयोगी पडले ते हे प्रथमच. आत वाळूचे शिवलिंग, भोवती पत्रीचे ढीग, आणि ताईसाहेब रुईची पाने एकेक करून उलटीत होत्या. पान उलटावे, पाहावे, वाहावे. ऐसी अकरा पाने जाहली. बाराव्यास हात थांबला. ते पान त्यांनी वाहिले नाही. देठाशी धरोन उंच केले, आणि कथा वाचोन होईतो पोटात पाण्याचा थेंब नसता हात खाली घेतला नाही. एक-दोघींनी खुणाविले, प्रेमलताबाईंनी डोळे वटारिले, आणि मग त्यांनाही दिसले. कोष काळवंडला होता, आतून केशरी रंग दिसत होता. तो उकलला. अठरा बायका गप्प जाहल्या, हे कॉलनीच्या इतिहासात प्रथमच घडले.

नवजातास हळदकुंकू वाहावे की कसे, यावर थोडा वाद पडला. मग बाईंनी फर्मान सोडिले जे, आजपासोन सोळा नंबरात मशीन जाणार नाही. सालोसाल पत्री तेथूनच यावी, आणि एकेक पान पाहोनच तोडावे.

ताईसाहेब ते पान ताम्हणात घेऊन घरी आल्या. फुलपाखरू पंख वाळवीत बैसले होते. कोणासही वाटावे की पंत आता नाचतील. परंतु पंतांनी वही उघडली आणि खाली मान घालोन तहाचे कलम आपणच वाचोन दाखविले जे, जन्म या अंगणात व्हावा. हा तर शेजारी जाहला. सबब कलमाप्रमाणे गट्टू बसवावेत.

ताईसाहेबांनी ताम्हण ओट्यावर ठेविले.

"विहंगचा जन्म उमरेडचा, माझ्या माहेरचा," त्या म्हणाल्या. "म्हणून आपला मुलगा काय उमरेडकर झाला? वही मिटा अन् त्या रुईला पाणी घाला. बायांनी पार ओरबाडलं तिला."

येणेप्रमाणे भाद्रपद शुद्ध तृतीयेस मोहीम फत्ते जाहली. गट्टू वाया गेले नाहीत. रानातून एक पायवाट केली, आणि रुईपाशी वाट वळवून घेतली. नव्या गोडलिंबास जुनी मच्छरदाणी बांधिली. फुलपाखरू दुपारी उडाले, गट्टूंवर घटकाभर टेकले, आणि मग भिंत ओलांडून थेट प्रेमलताबाईंच्या कुंडीतील गुलाबावर जाऊन बैसले. ताईसाहेबांनी पंतांकडे पाहिले, पंतांनी उपटलेल्या गुलाबांच्या जागेकडे पाहिले. मग वहीत जावक एक ऐसी नोंद करून तारीख घातली. शेऱ्याचा रकाना चौतीस वर्षे कोराच सोडावयाची सवय. त्यात प्रथमच दोन शब्द लिहिले, "परत येईल," आणि खाली यमुताईसाहेबांची सही घेतली.

शिक्क्याचे जागी रुईचे तिसरे पान दाबोन ठेविले आहे. हकीकत पुरी.