कावळे सरांचा अंदाज आणि मुंगसांचं मैदान

एका जंगलात, आता कुठल्या ते विचारू नका, नाव घेतलं की तिथले लोक भांडायला येतात, तर एका जंगलात फुटबॉलचं भारी वेड होतं.

हसू नका रे. ससा-कासवाची शर्यत लावलेली तुम्हाला चालते, आणि हत्तीनं चेंडू लाथाडला की लगेच दात काढता?

तर या जंगलात प्रत्येक जमातीचं आपलं महाविद्यालय होतं. हत्तींचं होतं, रानडुकरांचं होतं, सांबरांचं होतं, अगदी मुंगसांचंसुद्धा होतं. तिथं शिकवत काय, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. पण प्रत्येकाचा फुटबॉलचा संघ मात्र होता. थंडीत सामने व्हायचे. जो जिंकेल त्याला सिंहमहाराज ढाल द्यायचे.

सामने संपले की मोठी पंचाईत व्हायची. उन्हाळ्यात झाडाखाली बसून करायचं काय? झालेल्या सामन्यांबद्दल बोलून बोलून सगळ्यांच्या जिभा झिजल्या. मग जनावरं न झालेल्या सामन्यांबद्दल बोलायला लागली. पुढच्या मोसमात पहिला कोण? दुसरा कोण? सांबरं म्हणायची, आम्ही. रानडुकरं काही न म्हणता सरळ अंगावर धावून यायची. शेवटी सगळ्यांचं ठरलं, की हे एखाद्या जाणकारानं सांगायला हवं.

जाणकार सापडला. कावळे सर.

कावळे सर म्हणजे कावळाच. जन्मात कधी चेंडूला पाय लावला नव्हता. पण एकदा अंतिम सामना रंगात आला असताना ते एका फांदीवर बसले आणि फांदी तुटली. पडली ती नेमकी सांबरांच्या गोलकीपरच्या डोक्यात. सांबरं हरली. अशा वेळी शहाणी माणसं काय म्हणतात? कावळा बसायला आणि फांदी तुटायला. पण जंगलात शहाणी माणसं नव्हती, जनावरं होती. ती म्हणाली, "सरांना आधीच ठाऊक होतं बरं का!"

सर काही बोलले नाहीत. त्यांनी नुसती मान तिरकी केली. मान तिरकी करून गप्प बसलं, की कुणीही जाणकार दिसतो. घरी करून बघा.

महाराजांनी सरांना दरबारात बोलावलं.

"सर, पुढच्या मोसमाचा अंदाज हवाय. तुमची रीत काय?"

"जुनीच आहे महाराज," सर म्हणाले. "भाताचा गोळा."

आता तुम्ही नदीवर दहाव्याला गेला असाल, तर पाहिलं असेल. पिंड ठेवतात. कावळा शिवला, की गेलेला सुखानं गेला. नाही शिवला, तर नातेवाईक हात जोडून म्हणायला लागतात, धाकटीचं लग्न आम्ही करू, म्हातारीला अंतर देणार नाही. कावळ्याला जे पटेल, ते पटेपर्यंत बोलत राहायचं. जंगलात तेच ठरलं. प्रत्येक महाविद्यालयानं नदीकाठी एक गोळा मांडायचा. सर ज्याला आधी शिवतील तो पहिला, मग दुसरा, मग तिसरा. फरक एवढाच, की माणसं हे सगळं आटोपल्यावर करतात. इथं सुरू व्हायच्या आधी करायचं.

महाराजांनी त्यावर आपला एक हुकूम ठेवून दिला. "जो संघ शेवटी येईल त्याचं मैदान काढून घ्या आणि पहिल्याला द्या."

तेवढ्यात मागून एक बारीक आवाज आला. "पण महाराज, हे सामने झाल्यावर ना?"

ही गोपा. मुंगसांच्या संघाची कप्तान. अंगानं सुकलेल्या शेंगेएवढी, पण जीभ लांब.

"सामने होईपर्यंत थांबायचं, तर अंदाज कशाला काढायचा?" महाराज म्हणाले. दरबारानं माना डोलावल्या. दरबाराचं कामच ते.

मुंगसांकडे ओढ्याकाठच्या एका मैदानाशिवाय दुसरं काही नव्हतंच हो. ना इमारत, ना वसतिगृह. मैदान गेलं, की महाविद्यालय गेलं. मग सगळ्यांनी परत बिळात जायचं आणि साप येण्याची वाट बघत बसायचं. गोपाला सापांचा मनापासून कंटाळा आला होता. तिला गोल मारायला आवडायचं. इतकं, की ती झोपेतसुद्धा लाथा झाडायची आणि शेजारी झोपलेल्या बहिणीच्या शिव्या खायची.

ठरल्या दिवशी नदीकाठी गोळे मांडले गेले. हत्तींचा गोळा काय वर्णावा! वर तुपाची धार, आत बेदाणे, बाजूला केळीचं पान. हत्तींचे प्राचार्य दंताळे सोंड जोडून उभे राहिले.

"सर, डाव्या बगलेला नवा खेळाडू आणू."

सर पंख साफ करत बसले.

"सर, रोज पहाटे धावू. शब्द देतो."

सरांनी जांभई दिली.

प्राचार्यांना घाम फुटला. "सर, तुमच्या सगळ्या पिल्लांना आमच्याकडे प्रवेश देऊ. वसतिगृहासकट!"

काव! सर असे झेपावले, की गोळ्यातले बेदाणे चौफेर उडाले. हत्ती पहिले. जंगलानं टाळ्या वाजवल्या. काय बाई अभ्यास सरांचा, असं दोन म्हशी एकमेकींना म्हणाल्या.

मग एकेकाचा नंबर लागत गेला. रानडुकरांनी गुळाचा खडा ठेवला, ती दुसरी. सांबरांनी दही घातलं, ती तिसरी. राहिला मुंगसांचा गोळा. मुंगसांना कुठला स्वयंपाक यायला, कच्चं खाणारी जात. गोळा वरईचा, अळणी, आणि मधोमध भेगाळलेला. शिवाय सरांची मागल्या विणीची अंडी गोपाच्या मावशीनं खाल्ली होती. ते सर विसरले नव्हते.

"सर, मावशीला समजावते मी," गोपा काकुळतीला आली.

सरांनी गोळ्याकडे पाहिलं, गोपाकडे पाहिलं आणि उडून थेट पैलतीरावर जाऊन बसले. मुंगसं शेवटी.

संघातली पोरं मुसमुसायला लागली. गोपा त्यांच्यावर खेकसली. "रडताय काय? कावळ्याच्या शापानं गाय मरत नाही!"

खरंच आहे ते. गाय मरत नाही. मैदान जातं.

पण गोपा गप्प बसणारी नव्हती. ती तडक दरबारात गेली. "महाराज, एवढा एक मोसम खेळू द्या. ढाल जिंकली, तर मैदान आमच्याकडेच राहील. तेवढा शब्द द्या."

महाराज आयाळ हलेपर्यंत हसले. "शेवटचा संघ ढाल जिंकणार? बरं बाई, दिला शब्द." दरबारही हसला. सगळ्यांच्या देखत शब्द दिला गेला, हे लक्षात ठेवा. महाराजांनी नाही ठेवलं तरी तुम्ही ठेवा.

मग जंगलभर फलक लागले. 'भावी विजेत्यांचे हार्दिक अभिनंदन!' मधोमध हत्तींचे चेहरे आणि खाली शुभेच्छुक म्हणून चाळीस माकडं. रोज कुठं ना कुठं सत्कार. शाल, श्रीफळ, पेढे. हत्तीला शाल पुरत नाही म्हणून ती कानावर टाकायचे. सरावाला वेळ कुठून मिळणार? आणि जिंकणार हे ठरलेलंच असताना सराव करणं म्हणजे कावळे सरांवर अविश्वास दाखवणं. तसं दंताळेंनी खेळाडूंना बजावलंच होतं.

इकडे मुंगसं ओढ्याकाठी रोज ऊर फुटेस्तोवर पळत होती. त्यांचा सत्कार करायला कुणी येत नव्हतं, त्यामुळे वेळच वेळ होता.

थंडी पडली. सामने सुरू झाले. मुंगसांनी आधी सांबरं गारद केली, मग रानडुकरं. अंतिम सामन्यात समोर हत्ती. आता बघा, हत्तीच्या चार पायांमधून चेंडू न्यायला मुंगसाला मान वाकवावीसुद्धा लागत नाही. हत्ती वळून बघेपर्यंत गोपा परत येऊन पाणी पीत असायची. एका हत्तीनं चिडून चेंडूवर पाय दिला. चेंडूची भाकरी झाली. नवा आणला. तोही गोपानंच जाळ्यात घातला. तीन विरुद्ध शून्य!

गोपा धुळीत लोळली. हसली, रडली, बहिणीच्या गळ्यात पडून पुन्हा रडली. "मैदान वाचलं गं! मैदान वाचलं!"

बाळांनो, टाळ्या वाजवा. वाजवल्यात? शाब्बास. आता हात खाली ठेवा. गोष्ट अजून संपलेली नाही.

कारण जंगलात कुणीच टाळी वाजवली नाही. सगळे झाडाकडे बघत होते. झाडावर कावळे सर होते.

"सर," महाराज दबक्या आवाजात म्हणाले, "हे हो काय झालं?"

सरांनी मान तिरकी केली. मग म्हणाले, "अंदाज बरोबर होता. सामना चुकला."

जंगलानं सुटकेचा निःश्वास टाकला. असं आहे होय! मग लगेच चौकशी बसली.

दंताळे म्हणाले, "आम्ही अंदाजाप्रमाणे ढाल न्यायला आलो होतो. ही पोरगी मध्ये आली."

सांबर म्हणालं, "मुंगसं फार पळत होती. मी डोळ्यांनी पाहिलं."

"पळत होतीस का गं?" महाराजांनी विचारलं.

"हो महाराज. पळत होते."

"बघा! कबूल करतेय!" दरबार ओरडला.

निकाल लागला. ढाल हत्तींना. ओढ्याकाठचं मैदानही हत्तींना. गोपा पुढे झाली. रागानं तिची शेपटी फुलली होती. "महाराज, तुम्ही शब्द दिला होतात. सगळ्यांदेखत."

"दिला होता ना," महाराज समजुतीच्या सुरात म्हणाले. "पण तू जिंकणार नाहीस, हे धरून दिला होता. आणि हे बघ, सर चुकले असं म्हटलं, तर येत्या उन्हाळ्यात आम्ही बोलायचं कशावर?"

गोपाला फार वाईट वाटलं. कुणालाही वाटलं असतं. पण मुंगूस चिवट असतं. सापाचं तोंड एकदा कळलं, की ते पुन्हा शेपटीकडून धरत नाही. पुढच्या उन्हाळ्यात गोपानं संघाला गोळा केलं आणि सांगितलं, "चेंडू ठेवा बाजूला. गोळा मांडायला मैदान लागत नाही. चूल मांडा."

मग सराव सुरू झाला. डावी बगल तांदूळ निवडायला, उजवी बगल नारळ खवायला, गोलकीपर तुपाच्या भांड्यावर राखणीला. गोपा स्वतः पळी घेऊन उभी. काय नारळीभात झाला म्हणता! लवंगेचा वास नदीच्या पैलतीरापर्यंत गेला. आणि वर मावशीनं एक उकडलेलं अंडं ठेवलं. कोकिळेचं. कावळ्याला त्याहून गोड काय असणार? मावशीनं ते आणलं कुठून, असं कुणी विचारलं नाही. कोकिळा अंडी कुणाच्या घरट्यात घालते, हे तुम्हाला माहीतच आहे. माहीत असलं तरी गप्प बसा.

गोपानं तोंडातून शब्द काढायच्या आत सर गोळ्यावर बसले होते. आधी खाल्लं ते अंडंच. मुंगसं पहिली! हत्तींचे बेदाणे तसेच राहिले. दंताळेंचे हत्ती शेवटी आले, त्यांचं मैदान गेलं आणि फलकांवर माकडांनी हत्ती पुसून मुंगसं काढली.

मुंगसांना आपलं ओढ्याकाठचं मैदान परत मिळालं. वर हत्तींचंही मिळालं. महाराजांनी तर त्या वर्षी सामनेच रद्द केले. अंदाज आला आहे, मग उगाच खेळून तो बिघडवायचा कशाला?

पण पहिला नंबर टिकवायचा, तर दरवर्षी भात लागणार. तोही वासाचा. एवढा तांदूळ आणायचा कुठून? शेवटी मुंगसांनी ओढ्याचं पाणी मैदानात वळवलं, बांध घातले आणि गोलाच्या एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत आंबेमोहोर लावला. पीक झकास आलं. तेव्हापासून मुंगसांचा संघ कधी हरलेला नाही.

संध्याकाळी गोपा बांधावर उभी राहते. कधीकधी तिचा पाय शिवशिवतो. परवा तिनं एक ढेकूळ उचलून हवेत टाकलं आणि सणसणीत लाथ मारली. ते दोन खांबांच्या बरोबर मधून गेलं आणि चिखलात पडलं.

"अगं ए," तिची बहीण ओरडली, "रोपं मोडतील ना!"

गोपा "हो हो" म्हणाली आणि खाली बसून तण काढायला लागली.

तात्पर्य : मुलांनो, मेहनतीचं फळ गोड असतं, हे अगदी खरं आहे. पण कावळा फळ खात नाही, भात खातो.