थॉर्नटन साहेबांचं बाभूळगाव

आमच्या आखातातल्या सोहारच्या कारखान्यातले पालशेतकर नवीन माणसाला आधी नाव विचारत नाहीत, गाव विचारतात. मी मोठ्या तोऱ्यात "पुणे" म्हणालो, तर म्हणाले, "तो पत्ता झाला. गाव?" माझ्याकडे गाव नव्हतं. 'जोशी' म्हणजे नुसता धंदा, असा निकाल देऊन त्यांनी मला खालच्या वर्गात टाकलं. स्मिथ नावाच्या इंग्रज फोरमनलाही, लोहार म्हणून, माझ्याच पंगतीला बसवलं.

कागदावर त्यांचं काम ऑफिसच्या फाइली सांभाळण्याचं. ते फावल्या वेळात. मुख्य उद्योग इंग्रजांच्या आडनावातली गावं हुडकण्याचा.

त्यांचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे आमचे मॅनेजर थॉर्नटन साहेब. "थॉर्न म्हणजे काटा. टन म्हणजे जुन्या इंग्रजीत वस्ती. म्हणजे बाभूळगाव. साहेब बाभूळगावकर निघाला, जोशी, आणि ऐट बघा." या नावाची इंग्लंडात डझनभर तरी गावं आहेत हे कळल्यावर ते नकाशा छापून थेट केबिनमध्ये शिरले. मी तिथंच होतो.

"सर, विच थॉर्नटन?"

"आय ॲम फ्रॉम लंडन."

"दॅट इज ॲड्रेस, सर. व्हिलेज?"

साहेबांचे आजोबाही लंडनचेच. बाभूळगाव घरात कुणी पाहिलेलंच नव्हतं. पालशेतकर सुतकी चेहऱ्यानं बाहेर आले. "पिढ्यान्‌पिढ्या गावाचं नाव मिरवायचं आणि एकदा जाऊन यायचं नाही. खलास."

मग चार महिने सहीला जाणाऱ्या प्रत्येक फाइलीत एकेका थॉर्नटनची चिठ्ठी. शेवटी साहेबांनी आत्याला फोन करून पणजोबांचं गाव शोधून काढलं, बहुधा फाइली सुखानं वाचता याव्यात म्हणून. ते उन्हाळ्याच्या रजेवर निघाले तेव्हा पालशेतकरांनी त्यांच्या हातात नारळ ठेवला. "सर, फॉर व्हिलेज गॉड. कीप ऑन बाउंडरी. ब्रेकिंग ऑप्शनल."

साहेब परतले ते मोबाइलवर फोटो घेऊन. गावाची पाटी, पाटीखाली नारळ, शेजारी शाळेत बक्षीस मिळाल्यासारखे साहेब. सगळं ऑफिस हसलं. पालशेतकर तेवढे हसले नाहीत. मोबाइल दोन्ही हातांनी धरून बघत राहिले. साहेबांनी सहज विचारलं, "अँड व्हेन डिड यू लास्ट गो टू पालशेत?"

पालशेतकर मोबाइल साहेबांच्या हातात ठेवून आपल्या फाइलींच्या खोलीत गेले.

उत्तर मला ठाऊक असायला हवं होतं. रजेचे अर्ज माझ्याच टेबलावरून जातात. नऊ वर्षं त्यांचा रजेतला पत्ता एकच होता: डोंबिवली, बहिणीकडे. मी मागोमाग गेलो.

"आई होती तोवर जायचो," ते म्हणाले. "एसटीतून उतरलो की ती ओट्यावरूनच हाक मारायची, 'कधी निघालास?' आता घराला कुलूप आहे, जोशी. मला विचारायला कुणी नाही."

इतके दिवस या माणसाची टिंगल केली याची मला लाज वाटली.

"मला तर गावच नाही," मी म्हणालो. "या खेपेला तुमच्या गावी येतो. एक दिवस आधी पोचून ओट्यावर बसतो. तुम्ही उतरलात की विचारतो."

"उगाच काहीतरी," म्हणत त्यांनी कपाट उघडलं आणि लावलेल्याच फाइली पुन्हा लावायला घेतल्या.

गुरुवारी त्यांचा अर्ज आला. पत्त्याच्या रकान्यात 'डोंबिवली' खोडून 'पालशेत' केलं होतं. समासात पेन्सिलीनं, बारीक अक्षरात लिहिलं होतं: जोशी, नक्की आधी पोचाल ना?